११ वर्षं उभी असलेली डीटी १७५: क्लच दाबला तरी गाडी सुटत नाही

चिखलपाय:
काकांची १९७६ ची यामाहा डीटी १७५ अखेर माझ्याकडे आली. ११ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. कार्ब्युरेटर साफ केला, टाकीतला गंज काढला, नवा प्लग लावला आणि चौथ्या किकला सुरू झाली! मी आनंदाने ओरडले, धुराने खोकले. मग क्लच दाबून पहिला टाकला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

इंजिन बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ढकलली तर मागचं चाक घासत जातं. या गाडीला क्लच दाबून गिअरमध्येही किक मारता येते म्हणतात. मी मारली तर अख्खी गाडीच पुढे सरकली. केबल नवी टाकली आहे, लिव्हरला खेळ ३ मिमी. आता इंजिन खाली उतरवावं लागेल का? तेवढी हिंमत माझ्यात नाही.

जुनी किक:
इंजिन उतरवायची गरज नाही, जीव भांड्यात पडू द्या. प्लेटा चिकटल्यात. तुमचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यात स्टीलच्या आणि फायबरच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की प्लेटांमधलं तेल डिंकासारखं होतं, आणि वर स्प्रिंगा त्यांना दाबून धरतातच.

पण आधी एक बघा. कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि डावीकडे जिथे केबल संपते तिथला दांडा पुरता फिरतो का ते पाहा. तिथेच हालचाल अपुरी असेल तर प्लेटांना उगाच दोष.

दांडा नीट फिरत असेल तर इंजिन दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये गरम करा, बंद करा. लिव्हर हँडलला दोरीने बांधा, चौथा गिअर टाका आणि गाडी पुढे-मागे हिसके देत हलवा. पहिला नको. वरच्या गिअरमध्ये तुमच्या ढकलण्याचा जास्त जोर क्लचपर्यंत पोचतो. सुटला तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक मोकळं होतं. माझी एक गाडी रात्रभर लिव्हर बांधून ठेवल्यावर सकाळी दुसऱ्या हिसक्याला सुटली होती.

फायबर:
दोन-तीन वर्षं उभी असती तर मीही हेच म्हटलं असतं. ११ वर्षांत स्टीलच्या प्लेटा गंजलेल्याच असणार. हिसक्याने सुटेल, पण फायबरचे तुकडे निघून तेलात फिरतील आणि महिन्याभरात क्लच घसरायला लागेल. उघडाच. कव्हर काढायचं, स्प्रिंगचे बोल्ट सोडायचे, प्लेटा हातात येतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सोडा. खालचं अ‍ॅल्युमिनियम जुनं आहे, एका बाजूने ताण आला तर आटे जातात. आणि प्लेटांत स्क्रूड्रायव्हर खुपसू नका!

जुनी किक:
फायबरशी भांडत नाही. हिसके देऊन बघायला काही लागत नाही, एवढंच.

चिखलपाय:
दांडा पुरता फिरत होता. हिसके दिले, दोन संध्याकाळी. पाठ धरली, क्लच ढिम्म. शेवटी गिअर ऑइल काढून उजवं कव्हर उघडलं.

प्लेटांची एक जाड वडीच बाहेर आली. लाकडी दांड्याने कडेकडेने टकटक करत सोडवल्या. शेवटच्या दोन सुटल्या तेव्हा स्टीलवर फायबरच्या चौकटींचा हुबेहूब ठसा, तांबूस गंजात छापल्यासारखा. एका फायबर प्लेटच्या तीन चौकटी स्टीलला चिकटूनच राहिल्या. म्हणजे हिसक्याने सुटला असता तर फायबर म्हणाले तेच झालं असतं.

स्टीलच्या प्लेटा बारीक पॉलिश पेपरने घासून काचेवर ठेवल्या. एक सोडून सगळ्या सपाट बसल्या. ती एक डुगडुगते. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर मात्र प्लेटांच्या कानांनी खाचा पाडल्यात, नखाला लागतात. हे चालेल?

फायबर:
नखाला जेमतेम लागत असतील तर कानशीने हलक्या हाताने सपाट करा, सगळ्या बोटांवर सारख्या. खोल असतील तर बास्केट बदला. प्लेटांचे कान त्या खाचांत अडकले की गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही. डुगडुगणारी प्लेट टाकून द्या. फायबर प्लेटा सगळ्याच नव्या घ्या आणि बसवण्याआधी रात्रभर गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपतात. तेल ओल्या क्लचला चालणारं घ्या, डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं.

जुनी किक:
प्लेटा नव्या म्हणजे जाडी बदलली, तेव्हा डावीकडचा, क्लच जुळवायचा स्क्रू पुन्हा लावावा लागेल. लॉकनट सैल करून स्क्रू हलका टेकेपर्यंत आत, मग पाव फेरा मागे, नट आवळा. लिव्हरचा खेळ त्यानंतर केबलवर. उलट क्रमाने केलंत तर दिवसभर दोन्हीकडे फिरत बसाल.

आणि उजवं कव्हर काढताना टू-टी तेलाच्या, म्हणजे पेट्रोलबरोबर जळून पिस्टनला वंगण देणाऱ्या तेलाच्या, पंपाची नळी सोडली होती का?

चिखलपाय:
सोडली होती. का?

जुनी किक:
मग नळीत हवा शिरली असणार. क्लच जमला म्हणून लगेच पळवाल आणि तेल न पोचल्याने पिस्टन जाम होईल. पंपाचा हवेचा स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं टू-टी मिसळा. धूर होईल, होऊ दे.

चिखलपाय:
बुडबुडे थांबायला अर्धा तास लागला. आज पहिला टाकला आणि गाडी जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडी न हलल्याचा आनंद झाला. गरम झाल्यावरही न्यूट्रल सापडतं. आता पुढचा ब्रेक उघडते, तोही ११ वर्षांचाच आहे.