पहिल्यांदाच अख्ख्या पानांचा चहा घेतोय, कोणता घेऊ?

कोरा_कप: नमस्कार. आजवर फक्त दाणेदार चहा प्यायलोय. आता बिनदुधाचा, अख्ख्या पानांचा एक चांगला चहा घ्यायचाय. एकच. बजेट बेताचं आहे, १०० ग्रॅमच्या वर नको, नवी भांडीही घेणार नाही. कडवटपणा सोसत नाही. काय सुचवाल?

दुसरी_तोड: डोळे मिटून दार्जिलिंग सेकंड फ्लश. मे-जूनची तोड. त्या दिवसांत तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, त्याला तोंड देताना झुडूप सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि कपात पिकल्या द्राक्षांसारखा वास उतरतो. त्यालाच मस्कटेल म्हणतात. सहा वर्षं मी दुसरं काही घेतलेलं नाही.

वाफाळ: दार्जिलिंगला +१, पण फर्स्ट फ्लश घ्या. मार्च-एप्रिलची पानं, फुलांचा वास, रंग फिकट सोनेरी. मी पहिल्या पाकिटाची माती केली होती. सवयीने खळखळ उकळला आणि पहिल्याच घोटाला जीभ आखडली. उकळलेलं पाणी दोन मिनिटं थांबू द्या, २०० मिलीला २ ग्रॅम पानं, तीन मिनिटांत गाळून टाका.

सावलीतलं_पान: बजेटचं राहू द्या, ग्योकुरो हा जपानी हिरवा चहा घ्या. जपानात तोडणीआधी साधारण २० दिवस झुडपं झाकून ठेवतात. ऊन न लागल्याने पानातलं थिॲनिन, म्हणजे गोडसर चव देणारं द्रव्य, टिकतं, तुरटपणा कमी होतो. पाणी ५०-६० अंशच हवं. माझ्याकडे त्यासाठी तापमान दाखवणारी किटली आणि वेगळी छोटी चहादाणी आहे.

कोरा_कप: नवी भांडी नकोत असं लिहिलंय हो वर.

गडद: आसाम घ्या. माल्टसारखी चव, अंगात भरणारा चहा. फक्त पाकिटावरच्या प्रतवारीच्या अक्षरांना भुलू नका. मी एका ठिकाणाहून 'एफटीजीएफओपी' बघून मागवला, महाग पडला आणि डब्यात निम्मी भुकटी.

दुसरी_तोड: ती अक्षरं पानाचा आकार आणि कोवळ्या कळ्या किती ते सांगतात, चव नाही.

गडद: मान्य, पण आकाराचंच म्हणाल तर भुकटी कशी निघाली? फसवलंच ना?

दुसरी_तोड: ते फसवलंच. परत करायला हवा होता.

जुना_डबा: विषय चहा कोणता हा आहे. वर सांगितलंय तेच सांगतो, दार्जिलिंग. आणि काहीही घ्या, पण लॅपसांग सूचाँग नको. चीनमधल्या फूजियान प्रांतातला, वुयी डोंगरातला काळा चहा. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. मी तो बाकीच्या चहांशेजारी ठेवला आणि महिन्याभरात सगळ्या डब्यांना धुराचा वास लागला. चांगला ऊलाँग (अर्धवट आंबवलेला चहा) हातचा गेला.

वाफाळ: लॅपसांग नको याला अनुमोदन. नवख्याने तर नाहीच.

कोरा_कप: सगळ्यांचे आभार. पाइनचा धूर वाचल्यावर दुसरं काही डोक्यात शिरेना. लॅपसांगच मागवला, ५० ग्रॅम. आज उघडला. काळी, लांबट, पिळलेली पानं. पाणी ओतताच रात्री विझलेल्या शेकोटीशी सकाळी जाऊन बसल्यासारखा वास आला. वाफाळ यांच्या हिशेबाने तीन मिनिटं ठेवला, साध्या पातेल्यात, ताट झाकून. रंग तांबूस, कडू अजिबात नाही, घोट संपल्यावर घशात गोडसर काहीतरी राहतं. मला फार आवडला. डबा वेगळ्या कपाटात, घट्ट झाकणाचा.

जुना_डबा: कपाट वेगळं केलंत हे बरं केलंत. ती पानं टाकू नका, त्यांच्यावर पुन्हा पाणी ओता, या वेळी मिनिटभर जास्त ठेवा. धूर ओसरतो आणि गोडवा पुढे येतो.

दुसरी_तोड: ५० ग्रॅमची जागा अजून शिल्लक आहे. मे-जूनची तोड.