मदत हवी आहे: व्ही २०० रुळावर ठेवलं की ट्रान्सफॉर्मर बंद पडतो

रूळवेडा_श्टुटगार्ट: काल जुन्या बाजारात व्ही २०० या जर्मन डिझेल इंजिनाचं खेळण्यातलं मॉडेल घेतलं. एच-ओ (खऱ्याच्या १:८७ आकाराचं), लाल-करडं, बाजूला 'डॉइचे बुंडेसबान' (पश्चिम जर्मनीची सरकारी रेल्वे) अशी उठावदार अक्षरं. घरी रुळावर ठेवलं की चर्र होऊन ट्रान्सफॉर्मर बंद. विकणाऱ्याने तर चालवून दाखवलं होतं! शनिवारी लेकाचा वाढदिवस आहे, लवकर सांगा.

वाफारा: रूळ कोणते? ट्रान्सफॉर्मर एसी की डीसी?

जुना_गार्ड: मोटारीचे कार्बन ब्रश बदला. माझी तीन इंजिनं त्यानेच जिवंत झाली.

वाफारा: ब्रश झिजले तर इंजिन थांबेल हो, ट्रान्सफॉर्मर कशाला पडेल? हा शॉर्ट सर्किट आहे.

रूळवेडा_श्टुटगार्ट: रूळ नेहमीचेच. आणि यावर नंबर २२०ने सुरू होतो, व्ही २०० कुठेच नाही. फसवलं का मला?

घाटवाट: अजिबात नाही. व्ही म्हणजे फरब्रेनुंग्समोटर, ज्वलन इंजिन. २०० म्हणजे अश्वशक्तीचा साधारण दहावा भाग. १९६८ साली नंबर बदलले आणि व्ही २००ची २२० झाली. दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ११०० अश्वशक्ती, ताशी १४० किमी, आणि वजन ८० टनांच्या आसपास! हायड्रॉलिक (इंजिनाची ताकद तेलामार्फत चाकांना देणारं) असल्यामुळेच चार आसांवर एवढी ताकद बसली.

जुना_गार्ड: आमचं भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल-इलेक्ट्रिक (डिझेलवर वीज करून मोटारींनी चालणारं), २६०० अश्वशक्ती. दशकानुदशकं ओढलंन.

घाटवाट: ओढलं ना, पण सहा आस आणि ११२ टनांवर वजन. इंग्रजांनी 'वॉरशिप' इंजिनं व्ही २००वरूनच बेतली, ती उगाच नाही.

नेरळकर: जर्मन डिझेल म्हणाल तर माथेरानच्या छोट्या गाडीचं इंजिन एनडीएम-१. युंग कंपनीचं, १९५०च्या दशकातलं. त्याचं मॉडेल कुठे मिळेल?

वाफारा: त्याचा वेगळा धागा काढा, इथे माणूस अडलाय. रूळवेडा, विकणाऱ्याच्या रुळांत मधोमध बारीक ठिपके होते का? आणि इंजिन उलटं करून पोटाखाली बघा.

रूळवेडा_श्टुटगार्ट: ठिपके होते! पोटाखाली लांब पत्र्याची पट्टी आहे, दाबली की स्प्रिंगसारखी वर येते. माझे रूळ दोन पट्ट्यांचे, डीसी.

वाफारा: मग झालं. हे मेर्क्लिन या जर्मन खेळणी-रेल्वे कंपनीच्या पद्धतीचं आहे. वीज त्या ठिपक्यांतून पट्टीवर येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते. म्हणून डाव्या-उजव्या चाकांत इन्सुलेशन नसतं. तुमच्या डीसी रुळांत वीज एका रुळातून येते, दुसऱ्यातून परत जाते; ही चाकं ते दोन्ही थेट जोडतात, म्हणून शॉर्ट. चाकं बदलून, वायरिंग फिरवून तुमच्या डीसी रुळांवर आणता येतं, पण शनिवारपर्यंत नको. त्या पद्धतीचे रूळ आणि एसी ट्रान्सफॉर्मर मिळवा.

जुना_गार्ड: ब्रश तरीही बघा.

रूळवेडा_श्टुटगार्ट: वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी रूळ दिले, ट्रान्सफॉर्मरसकट. पुढचे तिन्ही दिवे लागले आणि गाडी खुर्चीखालून फिरून आली. लेक झोपलाय, त्याला अजून काही माहीत नाही. वाफारा, मनापासून आभार.