लो-कार्ब (प्रायमल) आहार : वजन ७९ वर अडकलंय, मदत हवी आहे

मोगरा_इंदूर

नमस्कार मंडळी. गहू, तांदूळ, साखर आणि बेकरी बंद करून सहा आठवडे झाले. पहिल्या तीन आठवड्यांत ८२.४ वरून ७९.० किलोवर आले. त्यानंतरच्या तीन शुक्रवारी काट्यावर अनुक्रमे ७९.१, ७८.९ आणि ७९.२. माहिती एकदमच देते.

स्त्री, वय ४४, उंची १५६ सेमी, कंबर बेंबीपाशी ९७ सेमी. थायरॉइड, शुगर, बीपी नॉर्मल, कुठलीही गोळी नाही. घर शाकाहारी, अंडं चालत नाही.

दिवसभरात चार चहा, प्रत्येकात साधारण १०० मिली दूध आणि एक चमचा गूळ. दहाला मूठभर बदाम-दाणे आणि एक मोठा पेरू. जेवणात मोठा वाडगा घट्ट वरण, भाजी, वाटीभर दही. पाचला चहासोबत सेव. रात्री भाजी, थोडं पनीर, सूप. वर सेव, बेसनाचीच असल्यामुळे. तूप दोन चमचे. मार्गशीर्ष लागल्यापासून गुरुवारचा उपवास, फरियाली (साबुदाणा वगैरे उपवासाचं खाणं). संध्याकाळी नैवेद्याचं ताट. वजन शुक्रवारी सकाळी करते.

त्रास : रात्री पोटरीत गोळे येतात, दुपारी चारनंतर डोकं जड होतं, पोट साफ होत नाही.

प्रश्न : वजन का थांबलं? डाळ बंद करायची का? इथे सकाळी पोह्यांशिवाय घर हलत नाही, त्याला पर्याय काय? आणि ह्यांनाही सोबत सुरू करायचंय. त्यांना शुगर आहे. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन १०.

फार्मसी_खिडकी

बाकी सगळं नंतर, आधी शेवटचा प्रश्न. ताई, यजमानांचं उद्यापासून सुरू करू नका. आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि "पोळी-भात बंद करणार आहोत, गोळ्यांचं काय?" असं स्पष्ट विचारा.

कारणं दोन आणि दोन्ही वेगळी. ग्लिमेपिराइड जेवलात की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडातून इन्सुलिन काढून घेतेच. खाण्यातलं कार्ब (पिष्ट आणि साखर, म्हणजे कर्बोदकं) अर्ध्यावर आलं आणि गोळी तीच राहिली तर शुगर खाली जाते : घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. म्हणून या गोळीचा डोस आहार बदलण्याआधीच ठरवावा लागतो.

डॅपाग्लिफ्लोझिनचा धोका जास्त फसवा. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात कार्ब फार कमी झालं की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) धोकादायक पातळीपर्यंत साचू शकतात आणि त्या वेळी ग्लुकोमीटर १५०-१८० असा निरुपद्रवी आकडा दाखवत असतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यातलं काही झालं तर "शुगर तर बरी आहे" म्हणत घरी बसायचं नाही, थेट रुग्णालय. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना ही भीती बरीच कमी.

आणि उलटही करू नका : आपल्या मनाने गोळी बंद करून आहार सुरू करणं. एंपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, बाळाला अंगावर पाजणं, यातलं काही असेल तर हा धागा वाचून काहीच ठरवू नये.

काटा_आणि_वाटी

मोगराताई, तुम्ही लिहून दिलंत त्यामुळे दिवसाच्या कार्बचा हिशेब करता आला. "मी काही खातच नाही" असं लिहिणाऱ्यांचा करता येत नाही.

चार चहा : ४०० मिली दुधात दुधाचीच साखर २० ग्रॅम, वर चार चमचे गूळ म्हणजे १८ ग्रॅम. झाले ३८. गूळ म्हणजे साखरच, रंग बदललेली. पेरू दीडशे ग्रॅमचा धरला तर २१, त्यातले आठ तंतूंचे. बदाम-दाणे ४० ग्रॅम, म्हणजे ८. घट्ट वरणाच्या वाडग्यात ५० ग्रॅम कोरडी डाळ असते, तिचे ३०. दही ६, दोन वेळच्या भाज्या मिळून २०, पनीर २. सेव दोन वेळची मिळून ३० ग्रॅम, तिचे १३-१४. बेरीज १४० च्या आसपास.

प्रायमल पद्धतीत (आदिमानवासारखं, धान्य सोडून खाण्याची पद्धत) वजन उतरवण्यासाठी दिवसाला ५० ते १०० ग्रॅम कार्बचा पट्टा सांगतात. १०० ते १५० हा वजन आहे तिथे ठेवण्याचा. म्हणजे तुमचं शरीर अगदी नियमाप्रमाणे वागतंय! पोळी गेली, पण तिची जागा चहा, सेव आणि वरणाने भरून काढली. इंदुरात सेव ही वस्तू कोणी खाण्यात धरतच नाही, ती मिठासारखी सगळ्यावर पडते. एकदा काट्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि नेहमीच्या हाताने सेव घाला. पंधरा ग्रॅमवर काटा थांबला तर मी हरलो.

आता वजनाचा दिवस. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (कार्बचा साठा) साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पहिल्या आठवड्यात धडाधड उतरतं ते मुख्यतः हेच पाणी. गुरुवारी साबुदाणा आणि नैवेद्य पोटात गेला की तीनशे ग्रॅम ग्लायकोजेन परत भरलं जाऊ शकतं, पाण्यासकट सव्वा किलो. तुमचं वजन बरोबर मार्गशीर्ष लागल्यावर थांबलं आणि मोजता शुक्रवारी सकाळी. आधीच्या तीन शुक्रवारांच्या आदल्या दिवशी उपवास नव्हता, त्यामुळे दोन्हींची तुलनाच चुकतेय. बुधवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न खातापिता मोजा. सोबत कंबर मोजा, टेप जमिनीला समांतर, श्वास सोडून. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेमी धरतात, पुरुषांसाठी ९०. मला विचाराल तर काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा.

तिसरी गोष्ट प्रथिनं. तुमच्या यादीत ती ५५-६० ग्रॅम भरतात. उंचीला साजेसं वजन ५५ किलो धरून किलोमागे १.४ प्रमाणे ७५-८० हवीत. नाहीतर उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात आणि पाच वाजता सेवेचा डबा उघडला जातो तो याच भुकेने. पनीर "थोडं" नको, दिवसाला १५० ग्रॅम मोजून : त्यातून २७-२८ ग्रॅम प्रथिनं.

मात्र पनीर वाढलं की वरचं तूप एक चमचा करा, आणि बदाम-दाणे मुठीने न घेता १५ ग्रॅम. कार्ब नाही म्हणजे उष्मांक नाहीत असं नव्हे; स्निग्धांशाच्या ग्रॅमला नऊ, तो तुपातला असो की बदामातला.

कंदमूळ

हिशेब छान, पण मुळात हा प्रायमल आहार नाहीच. प्रायमलमध्ये धान्य नाही तसंच कडधान्यही नाही. डाळ, बेसन, शेंगदाणे, सोयाबीन सगळं बाहेर. शेंगदाणा सुकामेव्यात बसत नाही, ती शेंग आहे. दूधदुभतं चालतं, तेही शक्यतो पूर्ण स्निग्धांशाचं. पॅलिओ या भावंड-आहारात तेही बाद; पॅलिओ आणि प्रायमलमधला ठळक फरक हाच. रिफाइंड सोयाबीन तेलही काढा, तूप किंवा खोबरेल वापरा.

काटा_आणि_वाटी

कंदमूळराव, पुस्तकी नियम बरोबर आहे. पण तो अंडी-मासे-मटण खाणाऱ्या घरासाठी बसवलेला आहे. अंडं नाही, डाळही नाही, मग ८० ग्रॅम प्रथिनं फक्त पनीर-दह्यातून काढायची? महिन्याभरात पनीरचा वास नको होईल. डाळ अर्धी करा, बंद नको : २५ ग्रॅम कोरडी, पातळ वरण नव्हे तर मूग भिजवून वाटून एक चिला (धिरडं), त्यात ५० ग्रॅम पनीर किसून. आणि सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या इंदुरात आहे तिथे सोयाबीनला वाळीत टाकणं मला तरी जमणार नाही. ३० ग्रॅम सोया वडीत १५ ग्रॅम प्रथिनं आणि १० कार्ब, त्यातले चार तंतू. कोमट पाण्यात भिजवून तीनदा घट्ट पिळा, तो उग्र वास पाण्याबरोबर जातो.

तेलाबद्दल : सोयाबीन तेलाने वजन वाढतं याला भक्कम पुरावा मला दिसलेला नाही. कढईत पडणारं माप बघा.

कार्ब कमी करणं हाच एकमेव रस्ता, असंही नाही. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ जणांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्ब दिलं; सरासरी घट ५.३ आणि ६.० किलो, म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं. जे पाळवेल ते धरायचं.

फार्मसी_खिडकी

पोटरीतले गोळे आणि चारची डोकेदुखी यावर कोणी बोललंच नाही. कार्ब कमी झालं की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंड मीठ जास्त सोडतं, त्यामागून पाणी जातं. मग लोक पाणी आणखी पितात आणि मीठ आणखी पातळ होतं. बीपी, हृदय, मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाला अर्धा चमचा मीठ जास्तीचं, निम्मं दुपारच्या ताकात, निम्मं रात्रीच्या सुपात. चार-पाच दिवसांत फरक पडायला हवा. नाहीच पडला तर पोटॅशियम, मॅग्नेशियम, डी जीवनसत्त्व तपासून घ्या, गोळ्या आपल्या मनाने नकोत. बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी जास्तीचं मीठ घेऊ नये; त्यांनी डोस कमी करायचा का ते विचारावं.

पोट साफ होत नाही कारण पोळीबरोबर कोंडाही गेला. मेथी, पालक रोज हवेत, रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पेलाभर पाणी.

लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक ॲसिड या रक्ततपासण्या आता करून ठेवा, तीन महिन्यांनी परत. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) या आहारात चांगलंच चढतं. तसं झालं तर तूप-मलई कमी करून बदाम, शेंगदाणा तेल.

छप्पन_वजा_एक

पोहे! ७७ टक्के कार्ब, प्लेटभर म्हणजे ६० ग्रॅम कोरडे धरा, ४६ तिथेच. वर सेव, बुंदी आणि जिलबी वेगळी.

पर्याय फ्लॉवरचा, पण बहुतेकांचा लगदा होतो म्हणून नीट सांगते. दोघांसाठी ४०० ग्रॅम फ्लॉवर. धुवायचा असेल तर तुरे अख्खे असताना, आणि फडक्यावर तासभर सुकू द्यायचा. किसून धुतलात तर संपलं. किसणीच्या जाड भोकांतून किसा, मिक्सरमध्ये बारीक कण होतात आणि तेच पाणी सोडतात. रुंद कढई, दोन चमचे तेल, मोहरी, बडीशेप, मिरची, कढीपत्ता, १५ ग्रॅम दाणे. दाणे लाल झाले की कीस घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं, झाकण अजिबात नाही. झाकलं की वाफ आत राहते आणि कीस शिजून बसतो. आपल्याला तो कडेने किंचित कोरडा हवा. हळद आधी, मीठ गॅस बंद करताना, कारण मीठ लागलं की फ्लॉवर रडायला लागतो. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) सढळ हाताने. जीरावनाशिवाय ती नुसती फ्लॉवरची भाजी. कुरकुरीतपणासाठी सेवेऐवजी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस. एका माणसाचे १२-१३ ग्रॅम होतात.

थंडी आहे म्हणून आणखी एक : गराडू कंद आहे, शंभर ग्रॅमला पंचवीसच्या पुढे, आणि तळलेला. भुट्ट्याचा कीस म्हणजे मका, म्हणजे धान्यच. मटारसुद्धा भाजी समजून सगळीकडे घालू नका, १४ टक्के आहे. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलात तर कुल्हडमधलं रबडीसारखं गोड तेवढं टाळा, बाकीचं निदान चावावं तरी लागतं.

मोगरा_इंदूर

सगळ्यांचे आभार. ह्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करणार नाही. आजपासून चहा दोन, गूळ बंद. सेव मोजली : २६ ग्रॅम, तेही एका वेळची. काटासाहेब, तुम्ही जिंकलात.

दोन शंका. रोज १५० ग्रॅम पनीर बाहेरचं घ्यावं की घरी करावं? आणि उरलेल्या गुरुवारांचं काय करू?

छप्पन_वजा_एक

घरी. म्हशीच्या लिटरभर दुधात २०० ग्रॅमच्या आसपास निघतं. दूध उकळून गॅस बंद, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा. उकळत्या दुधात ओतलात तर पनीर रबरी होतं. पाणी हिरवट, स्वच्छ दिसलं की थांबा. फडक्यात बांधून दीड-दोन किलो वजनाखाली अर्धा तास. दुधातली साखर बहुतेक त्या पाण्याबरोबर जाते, म्हणून तर पनीरमध्ये कार्ब कमी. तेच पाणी ताकासारखं पिऊ नका, साखर त्यात आहे.

बाहेरचं आणलंच तर तुकडा पाण्यात उकळून, गार करून वर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे.

काटा_आणि_वाटी

उपवास करा, फरियाली बदला. साबुदाण्यात ८५ टक्क्यांच्या वर कार्ब, मोरधन (भगर) आणि राजगिरा साठ-सत्तर. त्याऐवजी खमंग काकडी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, तुपाजिऱ्यावर परतलेलं पनीर, ताक. भोपळा सहा-सात टक्के फक्त.

संध्याकाळी नैवेद्याची पुरणपोळी असेल तर एक खा, वर तूप घेऊन, आणि त्या ताटातला भात सोडा. एका पोळीचे ४५-५० होतील, दिवस शंभराच्या आत बसतो. शुक्रवारी काट्यावर मात्र चढू नका.