आयपॉडला जरा जास्तच श्रेय मिळतं का?

कानसेन:
खिशातल्या डिजिटल संगीताचा विषय निघाला की गाडी थेट अ‍ॅपलच्या २००१ च्या आयपॉडवर जाते. मला हे पटत नाही. १९९८ मध्ये कोरियातल्या सेहान कंपनीचा एमपीमॅन हा एमपी३ प्लेअर आला, त्याच वर्षी डायमंड कंपनीचा रिओ. रिओची मेमरी ३२ एमबी, म्हणजे १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाची जेमतेम अर्धा तास गाणी. हसा खुशाल, पण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याच डबीला कोर्टात खेचलं. १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हा गाणी घेतो संगणकाच्या हार्ड डिस्कवरून, तेव्हा ध्वनिमुद्रण यंत्रांसाठीचा १९९२ चा कायदा याला लागू नाही. निकाल उलटा लागला असता तर अ‍ॅपल या भानगडीत पडलं असतं?

खिसेकापू:
असहमत. खटला जिंकल्याने वस्तू चांगली ठरत नाही. गाणी चढवायची ती संगणकाच्या पॅरलल पोर्टमधून, म्हणजे प्रिंटर जोडायच्या जुन्या खाचेतून, रांगत रांगत, आणि अर्ध्या तासात तीच परत सुरू. त्यापेक्षा वॉकमन बरा, कॅसेट तरी बदलता यायची.

कानसेन:
रिओलाही जादा मेमरी कार्डाची खाच होती हो. आणि जागेचंच म्हणाल तर क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स २००० मध्येच ६ जीबी घेऊन आला होता. पहिला आयपॉड ५ जीबीचा.

खिसेकापू:
आणि तो नोमॅड केवढा? सीडी प्लेअरएवढा! तो खिशात घालून दाखवा, मग बोलू. अ‍ॅपलने तोशिबाची १.८ इंची डिस्क हेरली, फायरवायर ही वेगवान जोडणी दिली, आणि अख्खा अल्बम काही सेकंदांत आत. फरक तिथे पडला.

खटपट्या:
मध्येच तोंड घालतो. डिस्कपेक्षा मला आयपॉडच्या आतली ३२ एमबीची रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, भारी वाटते (गंमत बघा, रिओची अख्खी मेमरी तेवढीच). डिस्क थोडा वेळ फिरायची, पुढची गाणी रॅममध्ये ओतायची आणि थांबायची. मग वाजायचं ते रॅममधून. म्हणून पळतानाही गाणं अडखळायचं नाही आणि बॅटरी दहा तास पुरायची. वर ते चाक, अंगठ्याने फिरवायचं, बघायचीही गरज नाही. आजच्या काचेच्या फोनवर खिशात हात घालून गाणं बदलून दाखवा.

एकसुरी:
इअरफोनच्या बटणावर दोनदा दाबा, बदलतं. तुमचं भांडण मिटेपर्यंत यंत्रच गेलं; २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टच बंद झाला. एका खिशात दोन डबे बाळगायला लोकांना वेळ नव्हता, एवढं साधं आहे ते. आणि त्या थोर आयपॉडला दोन गाणी मध्ये फट न पडू देता वाजवायला २००६ उजाडलं. शास्त्रीय मैफलीचं ध्वनिमुद्रण मध्येच तुटायचं, तेव्हा कुठे होते हे भक्त?

खिसेकापू:
फट मान्य. पण फोनमधली गाणी तुमची नसतात. वर्गणी थांबवली की गेली.

कानसेन:
आता कसं बोललात! आणि गाण्यांना कुलूप लावून विकायची सवय कोणी लोकप्रिय केली? २००३ चं आयट्यून्स दुकान. ९९ सेंटला एक गाणं, तेही इतर कंपन्यांच्या प्लेअरवर वाजायचं नाही. सगळी कुलपं निघाली ती २००९ मध्ये. रिओवर साधी एमपी३ बिनबोभाट वाजायची.

खिसेकापू:
वाजायची ना. अर्धा तास.