रायबोझोम थांबतो, खोळंबतो की अडकतो?

चाफा
मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांसाठी टिपणं लिहिते आहे (परळ). जिवाणूंमधल्या प्रथिननिर्मितीत (रायबोझोम हे पेशीतलं यंत्र एमआरएनए हा संदेश वाचत अमिनो आम्लांची साखळी जोडतं, त्यात) टर्मिनेशन, पॉझिंग आणि स्टॉलिंग या तिन्हींना जुन्या टिपणांत ‘थांबणे’ असंच म्हटलंय. मुलं विचारतात, ‘मॅडम, रायबोझोम थांबला म्हणजे प्रथिन पूर्ण झालं ना?’ तिन्हींसाठी वेगळे शब्द सुचवाल का?

खाडीकिनारा
ताई, पहिल्याला ‘समाप्ती’. ‘विराम’ नको, विरामानंतर वाक्य पुढे चालू राहतं. संदेशात यूएए, यूएजी किंवा यूजीए हा समाप्ती कोडॉन (तीन अक्षरी खूण) आला की अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएऐवजी आरएफ-१ किंवा आरएफ-२ हे प्रथिन तिथे बसतं. यूएए दोघांनाही ओळखता येतो; यूएजी फक्त आरएफ-१ला, यूजीए फक्त आरएफ-२ला. या दोघांमध्ये ग्लायसीन-ग्लायसीन-ग्लुटामीन असं अमिनो आम्लांचं त्रिकूट असतं. त्याच्या मदतीने पाण्याचा रेणू साखळी आणि टीआरएनए यांच्यातला बंध तोडतो. साखळी मोकळी करणारे म्हणून यांना मी ‘मोचक घटक’ म्हणतो. पुढे आरआरएफ आणि ईएफ-जी ही प्रथिनं मिळून रायबोझोमचे ५०एस आणि ३०एस भाग सुटे करतात. समाप्ती इथे होते.

माहीम_काठ
पॉझिंगला ‘खोळंबणे’ घ्या. पावसात लोकल शीवला खोळंबली म्हटलं की ती पुढे जाणार हे आपण धरूनच चालतो. ओळीने प्रोलीन (एक अमिनो आम्ल) आले की रायबोझोम तसाच खोळंबतो. ईएफ-पी हे प्रथिन पुढचा बंध जुळवायला हातभार लावतो आणि त्याच एमआरएनएवर काम सुरू राहतं.

चाफा
छान. आणि एमआरएनए मध्येच तुटलेला असेल तर?

खाडीकिनारा
तिथे, म्हणजे स्टॉलिंगला, ‘अडकणे’. एमआरएनएचं टोक आलं, पण समाप्ती कोडॉन आलाच नाही, मग मोचक घटक वाचणार काय? अडकलेल्याची सुटका दुसऱ्या कुणीतरी करावी लागते, आणि इथे ती खरोखरच बाहेरून येते. एसएमपीबी या प्रथिनासोबत टीएमआरएनए रायबोझोममधल्या रिकाम्या जागेत शिरतो. ई. कोलाय या जिवाणूमध्ये तो ३६३ न्यूक्लिओटाइडांचा असतो आणि टीआरएनए व एमआरएनए अशी दोन्ही कामं करतो. आधी स्वतःजवळचं अ‍ॅलानीन साखळीला जोडतो. मग रायबोझोम तुटका एमआरएनए सोडून टीएमआरएनएवरचा मजकूर वाचू लागतो. त्यातून आणखी १० अमिनो आम्लं जोडली जातात आणि शेवटी हवा असलेला समाप्ती कोडॉन मिळतो. ती शेपटी ओळखून क्लिपएक्सपीसारखी प्रोटिएझं (प्रथिनं तोडणारी विकरं) अर्धवट प्रथिनाचा चुरा करतात. म्हणून टिपणात ‘रायबोझोमची सुटका’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘सुटका’ लिहिलंत तर मुलांना प्रथिनच वाचलं असं वाटेल.

माहीम_काठ
ही व्यवस्था नसेल तर ई. कोलायमध्ये एआरएफ-ए हे प्रथिन धावून येतं. त्याला स्वतःला बंध तोडता येत नाही, ते आरएफ-२ला बोलावून घेतं. टीएमआरएनए आणि एआरएफ-ए दोन्ही काढून टाकले तर जिवाणू जगत नाही. हे मुलांना जरूर सांगा, सुटकेचं महत्त्व लगेच कळेल.

चाफा
मग सेकएम या प्रथिनाचं काय? तिथे नवी साखळीच बाहेर पडण्याच्या बोगद्यात रुतून रायबोझोमला रोखते, आणि बाहेरून ओढ बसली की काम पुन्हा सुरू होतं.

खाडीकिनारा
तिथे मी ‘अडून राहणे’ लिहीन. एमआरएनए धड आहे, रायबोझोमही तोच पुढे निघतो, पण ओढ बसेपर्यंत हलत नाही. ‘खोळंबणे’त ही अट येत नाही.