शब्दचर्चा: नोरीशिरो, मुऱ्यो आणि कागदाच्या गाड्या

कागदवेडी
लेकाला सध्या आगीच्या बंबाने झपाटलंय. कागद कापून, चिकटवून करायचा बंब हवाय, आणि तो जपानीच हवा. जपानी संकेतस्थळांवर असे नमुने फुकट मिळतात, ते उतरवून छापलेही. पानाचं भाषांतर ब्राउझर करून देतो, पण पीडीएफमधली अक्षरं चित्राचाच भाग असल्यामुळे ती जपानीच राहतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो मैत्रिणीने वाचून दिला: नोरीशिरो. गोंद लावायला जी अरुंद पट्टी सोडलेली असते, ती. याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आम्ही शाळेत 'कान' म्हणायचो. 'चिकटपट्टी' म्हटलं की सेलोटेप डोळ्यांपुढे येते. शिवाय शोधताना कोणते शब्द टाकावेत तेही सांगा. मी इंग्रजीतून शोधते आणि दुकानंच समोर येतात.

शिवणवाली
माया. ब्लाउज शिवताना आत जास्तीचं कापड सोडतो ना, "दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा" म्हणतो, तीच ही. कागद असो की कापड, जोडायला जी जास्तीची कड राखायची ती माया.

निहोनकर
ताई, अगदी नेमकं बोललात. शब्दाची फोड केली की पटेल. 'नोरी' म्हणजे खळ. (सुशीला गुंडाळतात ती समुद्री शेवाळाची नोरी वेगळी, उच्चार तोच, कांजी, म्हणजे चिनी वळणाचं अक्षर, निराळी.) 'शिरो' म्हणजे एखाद्या कामासाठी राखून ठेवलेली जागा. आणि शिवणात सोडलेल्या जास्तीच्या कापडाला जपानीत म्हणतात 'नुइशिरो'. शिवायची ती नुइशिरो, चिकटवायची ती नोरीशिरो. दोन्हीकडे शब्द एकच, जसा आपल्याकडे माया.

शुद्धलेखन_नको
कल्पना छान, पण मुलांच्या सूचनापत्रकात "येथे माया लावा" लिहिलंत तर पोरगं आईला जाऊन बिलगेल. मी 'खळपट्टी' म्हणेन.

शिवणवाली
खळ हल्ली कोण करतं? आकाशकंदिलालाही सगळे फेविकॉलच वापरतात. आणि माया लावत नाहीत, सोडतात किंवा ठेवतात. "मायेवर गोंद लावा" असं लिहा, कुणीही बिलगणार नाही.

कागदवेडी
'मायेवर गोंद' मला चालेल. बाकीच्यांसाठी 'चिकटमाया' म्हणू. आता शोधायचे शब्द?

निहोनकर
पहिला शब्द 'मुऱ्यो'. 'मु' म्हणजे नाही, 'ऱ्यो' म्हणजे शुल्क. म्हणजे आपला 'निःशुल्क', अवयवही तेच आणि क्रमही तोच. त्याचा उलटा 'यूऱ्यो', म्हणजे सशुल्क. वाहनतळाच्या पाटीवर आपण 'सशुल्क' लिहितो तिथे जपानी पाटीवर हाच यूऱ्यो असतो. दोन्ही शब्दांत शेवटची कांजी एकच असते, त्यामुळे घाईत वाचणारा हमखास फसतो. पहिल्या अक्षराकडे बघायचं. 'हानबाई' दिसलं तर ते विक्रीचं पान. आणि 'मुऱ्यो काइइन तोरोकु' म्हणजे सभासद-नोंदणी निःशुल्क, नमुना निःशुल्क असेलच असं नाही.

टाइप करताना एक बारकावा. फोनच्या कीबोर्डला जपानी भाषा जोडली की रोमन अक्षरांतून लिहिता येतं, पण दीर्घ स्वर गाळायचा नाही. मुऱ्योच्या शेवटी आणखी एक 'यू' दाबल्याशिवाय योग्य कांजी पुढे येत नाही. 'पेपाकुराफुतो', म्हणजे पेपरक्राफ्ट, हा काताकाना, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीतला, शब्द आहे, त्यात 'पे' आणि 'पा' दोन्ही लांबवायचे, आणि लांबवायची खूण म्हणजे आडव्या रेघेची कळ.

आता गाडी. एकटी असली की ती कांजी 'कुरुमा' वाचतात, जोडशब्दात तीच 'शा' होते. मोटार 'जिदोशा', बंब 'शोबोशा', रुग्णवाहिका 'क्यूक्यूशा', विजेवर धावणारी आगगाडी 'देन्शा', इंजिन 'किकान्शा'. हीच 'शा' आपण रोज वापरतो. माणूस 'जिन', बळ 'रिकी', गाडी 'शा', मिळून 'जिनरिकिशा', त्याची झाली रिक्षा. माथेरानला माणसांनी ओढायच्या रिक्षा ज्यांनी पाहिल्यात त्यांना मूळ अर्थ वेगळा सांगायला नको. सांगायचा मुद्दा हा की ती एक कांजी ओळखता आली की निम्मी यादी वाचता येते.

घडीमोड
पण पोलिसांची गाडी या नियमात बसत नाही. ती 'पातोका', म्हणजे पेट्रोल कारचं जपानी लघुरूप, आणि काताकानातच लिहितात. बंब, क्रेन, कचऱ्याची गाडी असं सगळं एकदम हवं असेल तर 'हाताराकु कुरुमा' टाका, कामकरी गाड्या. मुलांच्या पानांवर हा वेगळा विभागच असतो.

शुद्धलेखन_नको
आणि जेसीबी?

निहोनकर
'शोबेरुका'. बोलताना लोक 'युन्बो'ही म्हणतात. ते मुळात एका फ्रेंच कंपनीच्या यंत्राचं नाव, पुढे सगळ्याच खोदयंत्रांना चिकटलं. आपल्याकडे जेसीबीचं झालं तेच.

जुना_संगणक
शब्द मिळाले तरी पान जिवंत हवं. जपानमधले कितीतरी हौशी कागदकारागीर याहूच्या जिओसिटीजवर आपले नमुने ठेवायचे. ती सेवा ३१ मार्च २०१९ ला बंद झाली आणि ती घरं गेली. यामाहा मोटरच्या पानावर मोटरसायकलींचे इतके बारीक नमुने होते की साखळी आणि सायलेन्सरसुद्धा कागदाचे. तेही २०१८ मध्ये बंद झालं. जुन्या दुव्यावर काहीच उघडलं नाही तर तो पत्ता इंटरनेट अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून बघा, कधीकधी फाइलसकट सापडतं. मेलेल्या दुव्याला जपानीत 'रिंकुगिरे' म्हणतात, तुटलेला दुवा.

जुन्या फाइली 'एलझेडएच' प्रकारात दाबलेल्या असतात. हा प्रकार जपानबाहेर फारसा रुजला नाही, म्हणून लोक फाइल बिघडलीय समजून टाकून देतात. सेव्हन-झिप या प्रोग्रामने ती उघडते. आतल्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं आली तर घाबरू नका, ती 'मोजीबाके'. 'मोजी' म्हणजे अक्षर, 'बाके' म्हणजे रूप पालटणं. भुताला जपानीत 'ओबाके' म्हणतात, त्यातलाच 'बाके'. नमुना शाबूत असतो.

फाइलचं शेपूट 'पीडीओ' असेल तर ती पेपाकुरा डिझायनरची. तामा सॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा तो प्रोग्राम, आणि नुसतं बघून छापायला त्यांचा व्ह्यूअर मोफत मिळतो. पेपाकुराफुतोचा शेंडा कापून 'पेपाकुरा' झालं.

नवशिक्याने मात्र कॅननच्या क्रिएटिव्ह पार्क या कागदी नमुन्यांच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. तिथे जुळणीच्या सूचनाही नीट मिळतात.

घडीमोड
मी ओरिगामी शिकवते, तेव्हा घड्यांबद्दल एक इशारा. 'यामाओरी' म्हणजे डोंगरघडी, घडीची धार आपल्याकडे उचललेली. 'तानिओरी' म्हणजे दरीघडी, धार खाली. इथवर अडचण नाही. अडचण रेघांची आहे. जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावांच्या पद्धतीने चालणाऱ्या ओरिगामीच्या आकृत्यांत तुटक रेघ म्हणजे दरी, आणि रेघ-टिंब म्हणजे डोंगर. कॅननच्या कागदी नमुन्यांत टिंबांची रेघ डोंगराची आणि रेघ-टिंब दरीची. ओरिगामीची सवय असलेला माणूस बंबाची टाकी आतबाहेर उलटी दुमडतो, आणि रंग आतल्या बाजूला गेल्यावर त्याच्या लक्षात येतं. म्हणून कात्री हातात घेण्याआधी कोपऱ्यातली 'हानरेई' बघायची, म्हणजे खुणांचा खुलासा.

कागदवेडी
आणि सगळे तुकडे सपाट पसरलेला जो नकाशा असतो, त्याला?

घडीमोड
'तेनकाइझु'. आपल्याकडे पाचवीच्या गणितात त्याला 'घडणी' म्हणतात. फार चांगला शब्द आहे, वहीबाहेर कुणी वापरत नाही एवढंच. छापील साच्याला 'कातागामी'ही म्हणतात, कपड्यांच्या कागदी पॅटर्नला म्हणतात तोच शब्द.

शिवणवाली
म्हणजे हे सगळं शिंप्यांचंच चाललंय.

निहोनकर
जवळपास. आता जरा रुक्ष, पण गरजेचं. मुऱ्यो म्हणजे पैसे नाहीत, एवढंच. 'कोजिन रियो' म्हणजे वैयक्तिक वापर. 'साइहाइफु किन्शी' म्हणजे पुन्हा वाटायला मनाई. नमुना उतरवून शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर फाइल टाकणं या मनाईत बसतं. गटावर फाइल नको, पानाचा दुवा पाठवा. मराठीत आपण 'मोफत' आणि 'मुक्त' एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याच्या नजरेत ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि हौशी कारागिरांची पानं बंद पडण्यामागे हा मनस्तापही असावा असं माझं मत.

जुना_संगणक
छापताना 'पानात बसवा' हा पर्याय काढून शंभर टक्के ठेवा. पानं वेगवेगळ्या वेळी छापली आणि एखादं पान प्रिंटरने जरासं आक्रसलं की चाकाची कमान केबिनला जुळत नाही.

कागदवेडी
छापलंय शंभर टक्क्यांवर. कार्डशीट जाड आहे, घडी फाटते.

घडीमोड
आधी रेघ दाबून घ्या. संपलेलं रिफील आणि स्टीलची पट्टी. शाई नको, नुसता चर पडायला हवा. जपानीत या चराला 'ओरिसुजी' म्हणतात. मग घडी आपोआप त्याच रेघेवर पडते. आणि गोंदाआधी सगळं एकदा नुसतं जुळवून बघा, त्याला 'कारिगुमी'.

निहोनकर
कपडे बेतताना घालतात त्या कच्च्या शिलाईला 'कारिनुइ' म्हणतात, त्यातलाच 'कारि', म्हणजे तात्पुरतं.

शिवणवाली
मग कारिगुमीला 'कच्ची जुळणी' म्हणा. आम्ही कच्चे टाके घालतोच की. बंबाची शिडी सगळ्यात शेवटी चिकटवा, नाहीतर बाकीचं करताना तीच आधी वाकते.