जपानी गाणी गोऱ्यांना एवढी का चढतात?

शॅकवरचा_डीजे (मोरजी):
मंडळी एक प्रश्न सीझनभर डोक्यात फिरतोय. मी शॅकवर कामाला, संध्याकाळचं म्युझिक माझ्याकडे असतं. रोज कोणीतरी गोरा पाहुणा मोबाईल पुढे करतो की हे लाव, आणि निघतं जपानी. परवा एका इंग्लिश बाईने मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' सलग तीनदा लावायला लावलं, समोरची प्रॉन करी पार निवली तरी हिचे डोळे मिटलेलेच. जपानी येतं का विचारलं तर हसली, म्हणाली शून्य. मग आवडतं काय नेमकं?

कानसेन_पणजी:
अरे सरळ आहे, यूट्यूबची कृपा. गाणं १९८४ च्या अल्बममधलं, तेव्हा बाहेर कोणी विचारलं नव्हतं. २०१७ मध्ये कोणीतरी परस्पर अपलोड केलं आणि अल्गोरिदम ते ज्याच्यात्याच्या पुढ्यात टाकत सुटला. वर लावलेला फोटोसुद्धा त्या गाण्याचा नव्हता, तिच्याच १९८० च्या दुसऱ्या रेकॉर्डचा होता. पुढ्यात आलं म्हणून ऐकलं, बाकी काही नाही.

पेटीवाला_फोंडा:
कानसेन बाब, पुढ्यात तर रोज शंभर गाणी येतात हो, तीन-तीनदा कोण लावतं? मी मुलांना पेटी शिकवतो, जरा पेटीवर सांगतो. पांढरी एक सा धरा. इंग्रजी पॉपमध्ये हमखास येणारी कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) चाल म्हणजे सा, प, ध, म. जपानी पॉपमध्ये त्यांची एक लाडकी चाल आहे, म, प, ग, ध, तिला ते लोक 'राजमार्ग' म्हणतात. आता वाजवून बघा, प आला की कान सा ची वाट बघत बसतो आणि गाणं हळूच ग वर उतरतं, मग ध. घराच्या पायरीपर्यंत येऊन परत वळल्यासारखं होतं, गोड पण चुटपुट लावणारं. ज्याला शब्द कळत नाहीत त्यालाही हे कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीने क्लासमध्ये वाजवलं तर तबलजी विचारतो, मास्तर ही कुठली नवीन भैरवी! (भैरवीचा काही संबंध नाही, पण त्याला कुठे कळलं ते कळलं.)

नारुतो_मडगाव:
काका लोक तुम्ही ८० मध्येच अडकलाय 😂 आमच्या वयाची पोरं, इथली काय नि तिकडची काय, ॲनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांमुळे ऐकतात. वीस-पंचवीस एपिसोड ओपनिंगचं गाणं ऐकलं की तोंडपाठ होतंच. योआसोबी या जपानी जोडीचं 'आयडॉल' २०२३ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिका सोडून बाकी जगाच्या यादीत एक नंबर होतं, तेही ॲनिमेचंच.

जुनी_कॅसेट:
बाळा, अमेरिकेतला एक नंबर जपानने १९६३ मध्येच घेतलाय, गायक क्यू साकामोतो, तीन आठवडे. गाण्याचा अर्थ असा की डोळ्यातलं पाणी सांडू नये म्हणून वर बघत चालतोय. पाश्चात्त्य कंपनीने नाव काय दिलं तर 'सुकियाकी', म्हणजे मांसाची एक डिश! आपल्या अभंगाची रेकॉर्ड परदेशात कोणी 'खतखतं' नावाने विकावी तसं. तेव्हा ना यूट्यूब ना ॲनिमे.

माझं मत विचाराल तर पेटीवाल्यांचं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं असं की ते सूर मुळात गोऱ्यांचेच आहेत. युद्धानंतर जपानात अमेरिकन तळ होते, तिथल्या क्लबांत वाजवून जपानी वादकांची एक पिढीच घडली, पुढच्यांनी फंक, सोल, डिस्को सगळं पचवलं आणि स्वतःची भर घातली. आता गोऱ्याला ऐकताना वाटतं हे आपल्याच घरातलं, पण आपल्याकडे असं कधी वाजलं नाही. आणि गोंयकारांना हे नवीन वाटू नये. आपले सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईला जाऊन काय करत होते? हिंदी गाण्याला व्हायोलिनचे ताफे आणि हार्मनी लावत होते. फक्त आपण ते जगाकडे परत पाठवलं नाही.

कानसेन_पणजी:
मग 'द वीकेंड' नावाच्या गायकाने २०२२ मध्ये एका गाण्यात जपानी गायिका तोमोको आरानच्या १९८३ च्या गाण्याचा तुकडा सँपल म्हणून वापरलाय ते हेच झालं की, माल गेला आणि परत आला. बरं, थोडी माघार घेतो. पण अल्गोरिदम नसता तर ते सापडलं नसतं एवढं तरी माना.

पेटीवाला_फोंडा:
मानलं. क्लासला या एकदा, चहा पाजतो.

शॅकवरचा_डीजे (मोरजी):
जुनी कॅसेट ताई की दादा माहीत नाही, पण तुमचं वाचून काल टेस्ट केली. ताकेउची संपल्या संपल्या आपली गोंयची गायिका लॉर्ना लावली, जुनं कोंकणी, ख्रिस पेरीच्या बँडचं. एक जर्मन पाहुणा काउंटरवर आला, हे पण जपानी का विचारायला. मी तोंड उघडणार इतक्यात मागून मालक हळूच म्हणतो, आधी बिल भरूं दी, मागीर सांग.